साथीच्या काळात परदेशी विमानप्रवास : व्यापाऱ्याने शिकावयाचा धडा

कापडाच्या धंद्यात आम्हा लोकांना एक गोष्ट लहानपणापासून शिकविली जाते : माल स्वतः बोलतो, पण उधारी वसूल करायला माणूसच जावा लागतो. म्हणूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कारखानदार आणि मुंबईच्या मंगलदास मार्केटातील व्यापारी वर्षातून एकदोनदा दुबईची वारी करतात. देऱ्याच्या मुर्शिद बाजारात नमुने दाखवायचे, जुना हिसाब मिटवायचा, नवीन ऑर्डर घ्यायची आणि परत यायचे, असा हा शिरस्ता आहे. रमजानच्या आधीचे दोन महिने तर या सफरीचा खास हंगाम असतो.

२०२० साली हा शिरस्ता एका फटक्यात मोडला. आता ती साथ ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. सर्व नियम उठले, विमाने पुन्हा भरभरून जाऊ लागली आणि लोक सारे विसरले. विसरणे ही अल्लाहची एक नेमत आहे, यात शंका नाही. परंतु व्यापाऱ्याने दुःख विसरावे, हिसाब विसरू नये. या लेखात त्या दोन वर्षांचा हिसाब मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत, जेणेकरून पुन्हा असा प्रसंग आला तर आमचे व्यापारी बांधव, विशेषतः तरुण पिढी, गाफील सापडणार नाही.

सुरतेचा विसरलेला इशारा

कित्येकांना वाटते की असे पूर्वी कधी घडलेच नव्हते. हे खरे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा पुढच्याच वर्षी मुंबई बंदरातून हजला जाणारी जहाजे बंद करण्यात आली. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर हाजींना दिवसेंदिवस वेगळे ठेवले जाई. ज्याला आपण क्वारंटाईन म्हणून नवी चीज समजलो, ती आमच्या आजोबा-पणजोबांनी जहाजातून उतरून भोगलेली आहे.

त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे सप्टेंबर १९९४. आमच्याच बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगचे रोगी सापडले आणि पाठोपाठ सुरतेत न्यूमोनिक प्लेगची बातमी फुटली. सुरत म्हणजे कापडाची राजधानी. लाखो कारागीर चार दिवसांत शहर सोडून गेले. आखाती देशांनी भारताची विमाने थांबविली, भारतातून येणारा माल अडकवून ठेवला. प्रवासावर बंदी घालण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, तरीही बंदी आली. ती साथ काही आठवड्यांतच आटोपली, पण परदेशी ग्राहकाच्या मनातील भीती जायला त्याहून जास्त वेळ लागला.

यातून पहिला धडा असा की, साथीच्या काळात दरवाजे बंद होतात ते रोगाच्या प्रमाणात नव्हे, तर भीतीच्या प्रमाणात. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते व्यापाऱ्याने ऐकावेच, पण समोरचा देश किती घाबरला आहे याचाही अंदाज घ्यावा.

दरवाजे कसे बंद झाले, कसे उघडले

कोविडच्या काळातील तारखा क्रमाने पाहिल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते. ३० जानेवारी २०२० रोजी जागतिक आणीबाणी जाहीर झाली. २७ फेब्रुवारीला सौदी अरबने बाहेरून येणाऱ्यांचा उमरा थांबविला. २२ मार्चपासून भारतातील आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाली. म्हणजे पहिल्या इशाऱ्यापासून दरवाजा बंद होईपर्यंत सात आठवड्यांहून अधिक मुदत मिळाली होती. ज्यांनी फेब्रुवारीअखेरची खबर ऐकून हात आवरता घेतला, त्यांची रक्कम वाचली. मक्केचा उमरा थांबतो, तेव्हा रमजानचा बाजार भरेल असे समजणे हा निव्वळ भोळेपणा होता.

७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ नावाने परदेशात अडकलेल्यांना आणणारी विमाने सुरू झाली. जुलै २०२० पासून एकेका देशाशी करार करून मर्यादित विमाने चालू झाली, ज्याला ‘एअर बबल’ असे नाव पडले. दुबईने ७ जुलै २०२० पासून पर्यटकांसाठी दार उघडले. लोकांना वाटले, आता सारे सुरळीत झाले. डिसेंबरात ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार सापडला आणि महाराष्ट्र शासनाने युरोप व मध्यपूर्वेतून येणाऱ्यांना हॉटेलात विलगीकरण सक्तीचे केले, तेही ज्याच्या त्याच्या खर्चाने.

मग एप्रिल २०२१ आला. भारतात दुसरी लाट उसळली आणि २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून संयुक्त अरब अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना मनाई केली. ही बंदी ५ ऑगस्टपासून रहिवासी व्हिसा असलेल्या, लस घेतलेल्या लोकांसाठी उठू लागली. म्हणजे शंभराहून अधिक दिवस. नोव्हेंबरात ओमिक्रॉन आला आणि १५ डिसेंबरपासून भारताची नेहमीची आंतरराष्ट्रीय विमाने सुरू करण्याचा बेत पुढे ढकलला गेला. ती प्रत्यक्षात सुरू झाली २७ मार्च २०२२ रोजी. एकूण दोन वर्षे आणि पाच दिवस.

यात ध्यानात घेण्याजोगी बाब ही की, दार एकदा उघडले म्हणजे उघडेच राहील, असा भरवसा एकाही वेळी खरा ठरला नाही.

अडकला तो परदेशात नव्हे, घरी

अडकणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी विमानतळावर बसलेला माणूस येतो. आमच्या व्यापारात मात्र २०२१ साली उलटे घडले. त्या वर्षी रमजान एप्रिलच्या मध्याला सुरू झाला होता. दुबईत लहानसे दुकान असलेले आमच्या बाजाराच्या ओळखीचे कित्येक लोक रमजान आणि ईद मुलाबाळांत करावी म्हणून गावी आले. दहा-पंधरा दिवसांचा बेत होता. बंदी आली आणि ते भिवंडीत, मालेगावात, कोकणात आपल्याच घरी अडकून पडले.

घरी अडकण्यात काय नुकसान, असे कोणी म्हणेल. तिकडे दुकानाचे भाडे वर्षाच्या सुरुवातीलाच पुढच्या तारखांचे चेक देऊन भरायची पद्धत आहे. चेकची तारीख विमानाची वाट पाहत नाही. त्या वेळी तिथे चेक न वटणे ही फौजदारी बाब होती. कायद्यातील बदलामुळे त्यात मोठी सूट मिळाली ती जानेवारी २०२२ पासून. शिवाय सर्वसाधारण रहिवासी व्हिसाचा माणूस सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिला तर व्हिसाच धोक्यात येतो. काही काळ यात सवलती दिल्या गेल्या, पण सवलत मिळेपर्यंत झोप कोणाला लागणार?

ज्यांनी आपल्या भावाच्या किंवा भरवशाच्या भागीदाराच्या नावे मुखत्यारनामा आधीच करून ठेवला होता, त्यांच्या खात्यात पैसे भरले गेले, माल विकला गेला, भाडे वटले. ज्यांच्या साऱ्या सह्या एकट्याच्या होत्या, त्यांचे दुकान कुलूपबंद राहिले आणि चेक मात्र चालत राहिले. मुखत्यारनामा भारतात बसून करायचा तर नोटरी, परराष्ट्र मंत्रालय, त्या देशाची वकिलात, अरबी तर्जुमा अशा पायऱ्या असतात. कचेऱ्या बंद असताना हे काम होत नाही. ते आजारी पडण्याआधीच, शांततेच्या दिवसांत करून ठेवायचे असते.

चार दरवाज्यांचा हिसाब

नेहमीच्या दिवसांत आपण एकच दरवाजा मोजतो, तो म्हणजे ज्या देशात जायचे त्याचा व्हिसा. साथीच्या काळात दरवाजे चार होतात. पहिला, आपल्या देशातून बाहेर पडण्याचा. दुसरा, वाटेत विमान बदलावे लागते त्या देशाचा. तिसरा, जिथे जायचे तिथला. आणि चौथा, परत येण्याचा. चारांपैकी एक बंद असेल तरी सफर पुरी होत नाही.

दुसऱ्या दरवाज्याचे उदाहरण फार बोलके आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सौदी अरबने भारतासह २० देशांतून येणाऱ्यांना मनाई केली. तेव्हा कामावर परतणारे आमचे लोक तिसऱ्या देशात १४ दिवस राहून मग सौदीला जाण्याचा मार्ग धरू लागले. नेपाळ आणि मालदीव हे त्यातील दोन मुक्काम. एजंटांनी त्याचे पॅकेजच काढले. पण एप्रिल २०२१ च्या अखेरीस नेपाळने अशा प्रवाशांना मनाई केली आणि मे महिन्यात मालदीवनेही दार लावले. कर्ज काढून निघालेले लोक अर्ध्या वाटेवर लटकले. भारतातून थेट सौदीला जाण्याची सर्वसाधारण परवानगी १ डिसेंबर २०२१ पासून मिळाली, तीही पाच दिवसांच्या विलगीकरणाच्या अटीवर.

चौथ्या दरवाज्याचा विचार तर कोणीच करीत नाही. परत येताना ‘एअर सुविधा’ नावाच्या सरकारी व्यवस्थेवर आपली माहिती आणि रिपोर्ट आधी भरावा लागे. दुबईत सारी कामे करून विमानतळावर आलेला व्यापारी हा अर्ज भरला नाही म्हणून काउंटरवर घाम पुसत उभा आहे, असे दृश्य नेहमीचे झाले होते. ही व्यवस्था नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली आणि २०२३ च्या आरंभी चीनसह काही देशांच्या प्रवाशांसाठी थोडे दिवस पुन्हा लागू झाली. नियम मेल्यावरही उठून बसतात, ते असे.

अठ्ठेचाळीस तास म्हणजे किती?

सर्वांत जास्त लोक फसले ते तासांच्या गणितात. एप्रिल २०२१ मध्ये दुबईचा नियम होता की, चाचणी ४८ तासांच्या आतील हवी. आता हे ४८ तास कुठून कुठपर्यंत मोजायचे? रिपोर्ट हातात आला तेव्हापासून नव्हे, तर नमुना दिला त्या घटकेपासून विमान सुटेपर्यंत.

समजा, विमान रविवारी पहाटे ४ वाजता आहे. म्हणजे नमुना शुक्रवारी पहाटे ४ च्या आधीचा चालणार नाही. एखाद्याने गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता नमुना दिला तर रविवारी पहाटेपर्यंत ५८ तास होतात. तो रिपोर्ट रद्दी. शुक्रवारी सकाळी ९ ला दिला तर ४३ तास होतात, चालेल, पण विमानाला सहा तास उशीर झाला की ४९ होतात. शनिवारी सकाळी दिला तर तास भरपूर शिल्लक, परंतु रिपोर्टला २४ तास लागले तर तो येईपर्यंत विमान गेलेले. मग बरोबर वेळ कोणती? जुम्याची नमाज आटोपून दुपारी ३ वाजता. विमानापर्यंत ३७ तास, म्हणजे विमानाच्या उशिरासाठी ११ तास हाताशी, आणि शनिवारी दुपारी रिपोर्टही हातात. मालेगावच्या माणसाला मुंबईला पोचायला सहा-सात तास लागतात, तेही यात बसतात.

हा हिसाब कागदावर मांडायला पाच मिनिटे लागतात. तो न मांडल्याने तिकीट बुडाले तर हजारो रुपये जातात. नियम ९६ तासांचा असो, ७२ चा असो की ४८ चा, पद्धत हीच : दोन्ही टोकांना थोडी जागा सोडून मधोमध उभे राहावे.

ऑगस्ट २०२१ नंतर तर दुबईसाठी विमानतळावरच सुटण्याच्या काही तास आधी आणखी एक जलद चाचणी लागू लागली. ती पॉझिटिव्ह आली की सामान घेऊन परत. नेहमीची चाचणी महाराष्ट्रात मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० रुपयांवर आणली गेली होती, पण विमानतळावरची जलद चाचणी तिच्या कितीतरी पट महाग होती. ती टाळण्याचा उपाय नव्हता. म्हणून तिचा खर्च आणि तिचा धोका, दोन्ही आधीच हिसाबात धरावे लागत.

नावाची जुळणी

हा मुद्दा आमच्या समाजासाठी खास आहे. पासपोर्टवर मोहम्मद पूर्ण लिहिलेले, आधारवर त्याचे तीन-चार अक्षरांचे लघुरूप, लसीच्या दाखल्यावर तिसरेच स्पेलिंग. एकाच्या नावात शेख आधी, दुसऱ्या कागदावर शेवटी. आईवडिलांनी ठेवलेल्या मुबारक नावाचे असे चार अवतार झाले की काउंटरवरचा कर्मचारी काय करणार? त्याच्यासमोर कागद असतो, माणूस नसतो.

लसीच्या दाखल्यावर पासपोर्ट नंबर जोडण्याची सोय जून २०२१ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनशी याच दाखल्यावरून वाद झाला. कोविशील्ड लस त्यांना मान्य, पण भारताचा दाखला मान्य नाही, असा तो अजब प्रकार होता. अखेर ११ ऑक्टोबरपासून तो मिटला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले.

साथ गेली, पण नावाचा प्रश्न गेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने पासपोर्टवर एकेरी नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश देण्यास हरकत घेतली आणि आमच्याकडील ज्या बुजुर्गांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी आहे, त्यांची धावपळ झाली. तेव्हा बांधवहो, पासपोर्ट, आधार, पॅन, बँक आणि धंद्याचा परवाना, सर्वांवर एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्या. हे काम आजच करण्यासारखे आहे.

तिकिटाचा पैसा कोणाचा?

मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली तेव्हा लाखो तिकिटांचा पैसा विमान कंपन्यांकडे अडकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल लागला. त्याचा सारांश असा : लॉकडाऊनच्या काळातच काढलेल्या आणि त्याच काळातील प्रवासाच्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत. आधी काढलेल्या तिकिटाचेही पैसे परत, पण कंपनी पैशाच्या अडचणीत असेल तर तितक्या रकमेची पत जमा ठेवावी, ती ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता यावी, दुसऱ्याला देता यावी आणि दरमहा तिची किंमत थोडी वाढावी. जून २०२० अखेरपर्यंत अर्धा टक्का आणि त्यानंतर पाऊण टक्का. तिकीट एजंटामार्फत काढले असेल तर पैसे एजंटाच्या खात्यातून परत येणार.

हे शेवटचे वाक्य आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. आमच्याकडे तिकीट ओळखीच्या माणसाकडून रोखीने घ्यायची सवय आहे. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे समजले जाते. ज्यांच्याकडे पावती होती त्यांना पैसे मिळाले. ज्यांच्याकडे फक्त ओळख होती, त्यांची ओळखही गेली. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने दिली आहे, ती मैत्री टिकावी म्हणूनच.

आणखी एक : तो निकाल पहिल्या लॉकडाऊनपुरता होता. पुढच्या साथीत तसाच निकाल मिळेल, असे गृहीत धरू नये. तिकीट घेताना तारीख बदलण्याची अट काय, रद्द झाल्यास रोख परत की जमा पत, हे आधी विचारावे. प्रवास विमा घेताना साथीचा आजार आणि विलगीकरणाचा खर्च त्यात आहे की वगळला आहे, ते बारीक अक्षरांत वाचावे.

वसुलीचा पैसा नफा नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : जावे की न जावे? समजा, दुबईत ४ लाख रुपये येणे आहे. तिकीट ३० हजार, दोन्ही बाजूंच्या चाचण्या ५ हजार, तिथे दहा दिवसांचा मुक्काम रोज ४ हजारांप्रमाणे ४० हजार, परत आल्यावर सात दिवसांचे विलगीकरण रोज ३ हजारांप्रमाणे २१ हजार. एकूण ९६ हजार. आमचा माणूस म्हणतो, चार लाखांसाठी एक लाख घालवायला काय हरकत आहे?

हरकत ही की, ४ लाख हा नफा नाही. ते आपलेच भांडवल आहे. त्या मालात ८ टक्के सुटणार होते असे धरले तर नफा ३२ हजार. म्हणजे नफ्याच्या तिप्पट खर्च करून आपण आपलेच भांडवल आणायला निघालो. त्यात वीस दिवस अडकून पडलो तर आणखी ८० हजार. समोरच्याने निम्मीच रक्कम दिली तर २ लाखांतून १ लाख ७६ हजार खर्च. हातात राहिले २४ हजार, आणि इकडे दुकान महिनाभर बंद.

मग कधीच जाऊ नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. येणे मोठे असेल, समोरचा दुकान गुंडाळण्याच्या बेतात असेल, किंवा आपल्या सहीशिवाय माल सुटत नसेल, तर जावे लागेल. पण हिसाब मांडून जावे, सवयीने नव्हे.

विमानातील हवा, रांगेतील हवा

जाणे ठरलेच तर धोका कुठे आहे, हे समजून घ्यावे. विमानाच्या आतील हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते आणि तिला बारीक गाळण्या असतात. त्यामुळे बंद खोलीपेक्षा विमान बरे. परंतु जवळ बसलेला रोगी गाळणीच्या आधी आपल्यापर्यंत पोचतो. मार्च २०२० च्या आरंभी लंडनहून हनोईला गेलेल्या एका विमानात खोकला असलेल्या एका प्रवाशाकडून १५ जणांना लागण झाल्याचे अभ्यासकांनी नोंदले आहे. त्यांतील १२ जण तिच्याच बिझनेस वर्गात बसले होते. प्रवास सुमारे दहा तासांचा होता आणि तेव्हा मुखपट्टीची सक्ती नव्हती. महाग तिकीट म्हणजे सुरक्षित तिकीट, हा समज यातून दूर व्हावा.

आमच्या सफरीत विमानापेक्षा रांगा लांब असतात : चाचणीची रांग, सामानाची रांग, बस, जेवणाची टेबले. सावधगिरी तिथेच जास्त हवी. मुखपट्टी नीट बसविणे, सगळे काढतात त्या वेळी आपण जेवायला न काढणे, आणि वुजूच्या निमित्ताने हात स्वच्छ ठेवणे, यात काही खर्च नाही.

खोटा रिपोर्ट

शेवटी एका कटू विषयाला हात घालणे भाग आहे. त्या काळात पैसे देऊन निगेटिव्ह रिपोर्ट मिळवून देणारे लोक निघाले होते. ‘सेठ, नमुना द्यायचीही गरज नाही’, असे सांगणारे आमच्याही बाजारात फिरले. काहींनी याला चलाखी समजले. सप्टेंबर २०२० मध्ये पॉझिटिव्ह रिपोर्ट असलेले प्रवासी नेल्यावरून दुबईने एका भारतीय विमान कंपनीची उड्डाणे थांबविली आणि काही भारतीय प्रयोगशाळांचे रिपोर्ट घेणेच बंद केले. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीहून हाँगकाँगला गेलेल्या एका विमानातील सुमारे ५० प्रवासी पोचल्यावर पॉझिटिव्ह निघाले. प्रत्येकाच्या हातात निगेटिव्ह रिपोर्ट होता. त्यांतील कितींना नंतर लागण झाली आणि कितींचे कागद कच्चे होते, हे अल्लाह जाणे. परंतु हाँगकाँगने भारताची सर्वच विमाने थांबविली. भुर्दंड प्रामाणिक प्रवाशांनी भरला.

हलाल-हरामचा प्रश्न कापडात मिसळ करण्यापुरता नसतो. सुती सांगून पॉलिस्टर देणारा ग्राहकाचे पैसे खातो. खोटा रिपोर्ट घेऊन बसणारा शेजारच्या सीटवरील माणसाचा जीव पणाला लावतो. तो शेजारी कोणाचा तरी बाप असतो, आणि त्याने आपल्याला कोणतीही उधारी दिलेली नसते. जी तिजारत दुसऱ्याच्या जिवावर होते, तिच्यात बरकत कशी येणार?

या बाबतीत आमच्यासमोर स्पष्ट नमुना आहे. ज्या भागात प्लेग आहे तिथे जाऊ नका, आणि आपण आहात तिथे आला तर पळून जाऊ नका, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या सफरीवर सर्ग या ठिकाणी पोचले असता पुढे प्लेग असल्याची खबर आली. त्यांनी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचा निर्णय घेतला. तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात असल्याचे त्यांनी समजावले. जो खलीफा लष्कराची पाहणी सोडून अर्ध्या वाटेवरून परत फिरला, त्याला कोणी भित्रा म्हटले नाही. मग एका ऑर्डरसाठी ताप लपवून विमानात चढणाऱ्या व्यापाऱ्याला तवक्कलचा दाखला देता येणार नाही. आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा, हा क्रम आहे.

न जाता धंदा

२२ मार्च २०२० च्या बंदीतून मालवाहू विमाने वगळली होती. म्हणजे मालक जमिनीवर आणि माल आकाशात, अशी स्थिती होती. जगातील विमानाने जाणारा सुमारे निम्मा माल एरवी प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. ती विमाने बंद पडल्याने भाडे खूप वाढले, पण नमुन्याचा एक पुडका जायला अडचण नव्हती. ज्यांनी दर मीटरचे वजन, ताणा-बाणा, पन्हा आणि रंगाचा नंबर लिहून नमुने कुरियरने पाठविले आणि मोबाईलवर समोरासमोर बोलणे केले, त्यांच्या ऑर्डरी पूर्ण बंद पडल्या नाहीत. नव्या ग्राहकाशी बँकेच्या पतपत्रावरच व्यवहार करावा. उधार माल पाठवायचा तर १९५७ पासून सरकारच्या मालकीची निर्यात पत हमी देणारी संस्था, ईसीजीसी, आहे. थोडे हप्ते भरून बुडीत रकमेचा मोठा भाग सुरक्षित करता येतो. आमचे कितीतरी लहान निर्यातदार अजून या संस्थेच्या दारापर्यंत गेलेले नाहीत.

तात्पर्य

एकंदर विवेचनातून व्यापारी बांधवांनी पुढील गोष्टी पदरात बांधून घ्याव्यात :

१. पहिली खबर आली की नवीन तिकीट व नवीन उधारी, दोन्ही थांबवावे.
२. भरवशाच्या माणसाच्या नावे मुखत्यारनामा शांततेच्या दिवसांतच करून ठेवावा.
३. चारही दरवाजे तपासून मगच निघावे, परतीचा सर्वांत आधी.
४. चाचणीचे तास कागदावर मांडावेत.
५. सर्व कागदांवर नाव एकच असावे.
६. तिकिटाची व एजंटाला दिलेल्या पैशाची पावती जपावी.
७. सफरीचा खर्च येणे असलेल्या रकमेशी नव्हे, नफ्याशी ताडून पाहावा.
८. अंगात ताप असेल तर जाऊ नये, मग ऑर्डर कितीही मोठी असो.

१९९४ नंतर २६ वर्षांनी २०२० आले. पुढची वेळ केव्हा येईल, हे अल्लाहच जाणे. रिज्क देणारा तोच आहे आणि ते विमानाच्या एका फेरीवर अवलंबून नाही. आपल्या हाती तयारी आहे आणि सचोटी आहे. तेवढी आपण सांभाळली तर इन्शाअल्लाह पुढच्या वेळी आमच्या बाजारातील कमी लोक काउंटरवरून परत फिरतील, आणि जे फिरतील ते खजील होऊन नव्हे, समजून-उमजून फिरतील.